ड्रॅसिना आणि माझा शांत स्वभाव

२ मार्च
बायको भावाकडे गेली. कारण क्षुल्लक. मी मिक्सर भिंतीवर मारला. मिक्सर माझा, भिंतही माझीच. जाताना म्हणाली, महिन्याने येऊन बघेन. हॉलमधला ड्रॅसिना जिवंत दिसला तर राहीन, नाहीतर सामान न्यायला टेम्पो घेऊनच आलेली असेन. एक कुंडी सांभाळायची, त्यात काय मोठं? मुळात मी शांत माणूस आहे. लोक चिडवतात म्हणून चिडतो.
संकल्प: राग नाही. आवाज नाही. झाडाला रोज पाणी.

३ मार्च, सकाळी साडेसात
झाड प्रथमच नीट पाहिलं. माझ्या खांद्याएवढं आहे. खोडावर बुडापासून वीतभर वर एक जुना खड्डा. दोन वर्षांपूर्वी मी इस्त्री फेकली होती, ती लागली. इस्त्री बायकोच्या दिशेने गेली होती, बायकोवर नव्हे. फरक असतो. शिवाय ती थंड होती, हे कुणी लक्षातच घेत नाही. झाड मध्ये आलं. तेव्हापासून ही त्याला सख्ख्या भावापेक्षा जास्त जपते.
एक बादली पाणी घातलं.

७ मार्च
रोज एक बादली. तरी पानं पिवळी. उपकाराची जाणीव नावाला नाही. नर्सरीवाल्याला फोन केला. म्हणाला, साहेब, मुळं कुजतील, माती कोरडी झाल्याशिवाय थेंबही घालू नका. मी शांतपणे सांगितलं की मला अक्कल शिकवू नकोस. त्याने फोन ठेवला. मीही ठेवला. काच बदलावी लागणार.

१० मार्च
गोडाऊनमध्ये पॅकिंग सुपरवायझर म्हणून बारा वर्षं झाली. ‘नाजूक माल, हळू हाताळा’ हा स्टिकर आज नव्या पॅकरने उलटा लावला. मी ट्रॉलीला लाथ घातली. ट्रॉली लोखंडी. अंगठा टोमॅटोएवढा. मॅनेजरने लेखी समज दिली. एक स्टिकर घरी आणून कुंडीवर लावला. सरळ.

१४ मार्च
पानांची टोकं करपली. शेजारच्या काकू म्हणाल्या, टोकं जराशी कापा. कापली. डावी बाजू जास्त गेली म्हणून उजवी कापली, मग उजवी जास्त गेली. कात्री अडली तेव्हा मात्र हिसका द्यावा लागला. सहा पानं उरली. काकू दारातून बघून “अरे देवा” म्हणाल्या. दार वाऱ्याने धाडकन लागलं. वारा नव्हता.

१९ मार्च, संध्याकाळ
सहातलं एक पान माझ्या डोळ्यांदेखत गळलं. मुद्दाम. मी तीनदा शांतपणे विचारलं, तुझं म्हणणं काय आहे? मग मानगूट धरून गदागदा हलवलं. मातीतून अख्खं वर आलं. मुळं काळी, चिखलासारखी, कुजकट वासाची. पुढचं नीट आठवत नाही. कुंडी फुटली आहे. खोडाचे चार तुकडे आहेत. मिक्सरच्या खड्ड्याशेजारी भिंतीला दुसरा खड्डा आहे. हाताला रक्त.
खोटं कशाला बोलू, घाबरलो. झाडाला नाही. ती खरंच टेम्पो आणेल.

२८ मार्च
उपाय सोपा. नर्सरीत गेलो. त्याने आवाजावरून ओळखलं, झाड देईना. हात जोडले. तसाच ड्रॅसिना, तीच उंची, तशीच कुंडी. स्टिकर लावला. झाड टवटवीत. मेहुण्याला फोन करून कळवलं, झाड एकदम झकास. तो नुसतं “बरं” म्हणाला.

२ एप्रिल, सकाळी नऊ
ती अकराला येते. आत्ता लक्षात आलं: खोडावर खड्डा नाही!
माळ्यावरून तीच इस्त्री काढली. रागाने नाही, हे इथे नमूद करतो. जुना फोटो समोर ठेवून, वीत मोजून, हिशोबाने. पहिला फटका फरशीवर. दुसरा घोट्यावर. त्यानंतर जरा राग आला. तिसरा बरोब्बर. चौथ्याची गरज नव्हती. पाचव्याचीही नव्हती.

२ एप्रिल, दुपार
ती आली. मेहुणा खालीच थांबला. भिंतीकडे तिने पाहिलंच नाही. सरळ झाडापाशी जाऊन बसली, नेहमीसारखं खड्ड्यावर बोट ठेवलं. बोट ओलं झालं. बराच वेळ ती त्या बोटाकडे बघत राहिली. मी म्हणालो, बघ, महिनाभर जपलं.
ती म्हणाली, “ही जखम आजची आहे.”
मी समजावत होतो की राग अजिबात नव्हता, हिशोबाने मारलं. ते ऐकल्यावर ती रडायला लागली. मी तिला कधी इतक्या हळू रडताना पाहिलं नव्हतं.
टेम्पो खाली उभाच होता. दोन बॅगा, शिलाई मशीन, कपाटातली तिची बाजू. शेवटी कुंडी उचलायला वाकली. मी म्हणालो, अगं, हे ते झाड नाही, हे तर मी आणलंय.
म्हणाली, “माहीत आहे. म्हणूनच इथे ठेवणार नाही.”

३ एप्रिल
दिवसभर एकदाही चिडलो नाही. आवाज नाही, आदळआपट नाही. संकल्प पहिल्यांदाच तंतोतंत पाळला गेला.
कुणाला तरी सांगायला हवं होतं.