लिफ्टसाठीचा आनंदमेळा

बाळकुम, ठाणे
१९ जानेवारी

प्रिय सलिल,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. शाळा सुटून पंधरा वर्षं झाली, आणि तेव्हाही माझी वही तू क्वचितच मागायचास. तुझीच माझ्याकडे असायची. डोंबिवलीचा पत्ता अनिशकडून घेतला. कशाला हवाय ते त्याला सांगितलं नाही. मोबाइलवर लिहायला बसलेले, चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. तिथे पुसणं फार सोपं असतं. म्हणून आज कागद घेतला.

मी अजून बाळकुमलाच आहे. आमच्या शेताच्या जागी टॉवर उभा राहिला आणि त्यातच अकराव्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. आई अजून खिडकीतून खाली बोट दाखवून कोणत्या बिल्डिंगखाली कोणाचं शेत गेलं ते सांगत असते. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी माजिवड्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मायक्रोबायोलॉजी केलं ना पुढे.  सायन्सला जायचं तुझं ठरलेलं होतं, माझं नाही. तुझे कॉमर्सचे क्लास चांगले चाललेत, मुलं तुझ्यावर जीव टाकतात, असं अनिश म्हणाला. ऐकून बरं वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की मला बरं वाटून घ्यायचा काय हक्क आहे.

तुला आपला दहावी ब आठवतो का, असं विचारणंच मूर्खपणाचं आहे. तिसरा मजला, त्रेसष्ट पायऱ्या. तो आकडा तूच आम्हाला सांगितलेलास, आम्ही कधी मोजल्याच नव्हत्या. नववीच्या सुट्टीत तुझ्या बाबांच्या स्कूटरला अपघात झाला आणि जूनमध्ये तू दोन कुबड्या घेऊन आलास. प्रेम तुझं दप्तर घ्यायचा, अनिश खांदा द्यायचा. दुसऱ्या मजल्यावर तू थांबायचास आणि तिथल्या फलकावरची सूचना लक्षपूर्वक वाचायचास. सूचना मागच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची होती. तुला दम लागलाय हे आम्हाला सगळ्यांना कळायचं, आणि आम्हीही उभं राहून तीच सूचना वाचायचो.

त्याच जूनमध्ये मी विद्यार्थी मंडळाची प्रमुख झाले. बाळकुमहून नौपाड्याच्या शाळेत येणारी आणि प्रमुख झालेली मी पहिलीच मुलगी. पाचवीत मी एकदा 'मला'च्या जागी आमचं घरचं 'मना' म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला होता. त्यानंतर मी इतकी जपून बोलायला लागले की आई म्हणायची, "बाय, तू घरान पन बाईंसारखी बोलतंस." प्रमुख झाल्यावर मला काहीतरी असं करायचं होतं, की पुन्हा कोणी हसलं नसतं. आधीच्या मंडळांनी झाडं लावलेली, जुने गणवेश गोळा केलेले, वाचनालयाला पंखा दिलेला. मला त्याहून मोठं हवं होतं. शाळेला लिफ्ट बसवायची, ती कल्पना माझी. टिपणीस बाई मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून आधी चष्म्यावरून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढे पैसे संस्थेकडे नाहीत. पण तुम्ही मुलांनी सुरुवात करून दाखवलीत, तर मी विश्वस्तांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मागे लागेन." गणपतीची सुट्टी संपली की आनंदमेळा घ्यायचा ठरला. त्या दिवशी मी स्टेशनपर्यंत जवळजवळ धावत गेलेले.

त्यानंतर आठवड्याभरातच तू मधल्या सुट्टीत मला थांबवलंस आणि एक घडी घातलेला कागद दिलास. "लिफ्ट येईल तेव्हा मी कॉलेजात असेन, कल्पिता," तू म्हणालास. "मला लिफ्ट नकोय. आपला वर्ग तेवढा खाली हवाय. सहावी अ वर जाऊ दे, आपण त्यांच्या जागी. मुलं वर धावतच जातील." तो बाईंच्या नावाचा अर्ज होता, सहा ओळींचा. स्वतःसाठी काही मागायला तुला ऑफिसात जायचं नव्हतं. आणि मुलांचे अर्ज मंडळातर्फे जायचेच. मी म्हणाले, "देते बाईंना." तू थँक्यू म्हणालास आणि खाली मान घालून वळलास. इतका साधा उपाय आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता, याचं मला त्या क्षणी कौतुक वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

मग पोस्टर आलं. मंडळातल्या सुश्रुतने तुझा पाठमोरा फोटो काढलेला, जिन्यावर, एक कुबडी वरच्या पायरीवर आणि एक खालच्या. वर मी लिहिलेली ओळ होती, 'सलिलच्या स्वप्नांना पायऱ्या अडवतात.' किती खूश होते मी त्या ओळीवर! नौपाड्यातल्या दुकानांत, दवाखान्यांत, शाळेच्या फाटकावर आम्ही ती पोस्टरं लावली. एक मी घरी नेलं. आईला वाचता येत नाही, तिने नुसतं चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "त्या पोराला इचारलंस का गो?" मी म्हणाले, त्याच्या भल्यासाठीच तर आहे. ती तांदूळ निवडायला लागली. तिने मेळ्यात सुकटीची चटणी आणि भाकरी विकायचं ठरवलेलं. वास येईल म्हणून मी तिला घावणे करायला लावले. तेही मला आता आठवतं.

तू पोस्टर पाहिलंस ते झेरॉक्सच्या दुकानात, हे मला नंतर प्रेमने सांगितलं.  दुसऱ्या दिवसापासून तू अनिशला खांदा देऊ दिला नाहीस, दप्तरही स्वतःच पाठीला लावलंस. दुसऱ्या मजल्यावर थांबणंही बंद केलंस. धापा टाकत सरळ वर्गात येऊन बसायचास.

मेळा जोरात झाला. इतके लोक आलेले की मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका मुलाच्या आईने तुझ्या गालाला हात लावला आणि तुझ्या मुठीत नोट कोंबली, ती तू तिच्यादेखत पेटीत टाकलीस. मी स्टेजवरून भाषण केलं, तुझं नाव तीनदा घेतलं. बाईंचे डोळे भरून आले. कोणीही हसलं नाही, सलिल. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी गर्दीत तुला शोधत होते, पण तू कधीच निघून गेला होतास.

सोमवारी तू विचारलंस, "माझ्या अर्जाचं काय झालं? बाई काय म्हणाल्या?" मी म्हणाले, "बाई म्हणाल्या, या वर्षी जमणार नाही." तू विचारलंस, "का, ते सांगितलं का काही?" मी म्हणाले, "नाही." तू मान हलवलीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यावर. एखादं दार बंद असणार हे आधीच माहीत असलेल्या माणसाचा असतो, तसा होता.

सहामाहीच्या तिसऱ्या दिवशी तू पडलास. पेपर सुटल्यावर सगळे धावत उतरले, तू मागे राहिलास, कोणाचा हात घ्यायला तयार नव्हतास, आणि जिना नुकताच पुसलेला होता. खुब्याचं हाड मोडलं. मी हॉस्पिटलमध्ये आले होते तेव्हा तुझी आई बाहेर चहा आणायला गेलेली. तू छताकडे बघत म्हणालास, "तू तरी प्रयत्न केलास माझ्यासाठी." मी तुझ्या उशाशी मोसंबी ठेवली आणि निघून आले. दिवाळीनंतर तुमचं बिऱ्हाड डोंबिवलीला काकांकडे गेलं. तुझी दहावी बुडाली, पुढच्या वर्षी तू घरी बसून सतरा नंबरचा फॉर्म भरलास, आणि ज्या कॉलेजात सायन्सची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती तिथे तू गेलाच नाहीस. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. कधी अनिशकडून, कधी प्रेमकडून. दर वेळी मी विषय बदलला.

सलिल, तो अर्ज बाईंपर्यंत गेलाच नव्हता.

मी तो इतिहासाच्या पुस्तकात ठेवला. पहिल्या दिवशी खरंच देणार होते. ऑफिसच्या दारापर्यंत गेलेले. आणि तिथे उभी असताना मनात आलं, बाई तर हो म्हणतील. उद्याच वर्ग खाली आणतील. मग लिफ्टसाठी कोण पैसे देईल? मग पोस्टरवर काय लिहायचं? स्वतःला सांगितलं, मेळा होऊ दे, दुसऱ्याच दिवशी देऊ. मेळा झाला तेव्हा अर्जावरची तारीख दोन महिने जुनी झालेली. आता दिला तर बाई विचारणार, इतके दिवस कुठे होता? म्हणून मी तुला खोटं सांगितलं. चार शब्द, तेही मी आधी ठरवलेले नव्हते. तू पडलास त्या रात्री मी तो अर्ज फाडला, आणि मग बाथरूममध्ये बसून खूप रडले. पण तुला सांगितलं नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, असं मी स्वतःला समजावते. पण विसाव्या वर्षी मी काय होते? पंचविसाव्या वर्षी? डोंबिवली इथून किती लांब आहे?

लिफ्ट दोन वर्षांनी झाली. बाहेर पाटी आहे, 'विद्यार्थी मंडळाच्या प्रयत्नांतून'. आत दुसरी पाटी आहे, फक्त शिक्षक व पाहुण्यांसाठी. मुलं आजही जिन्यानेच जातात.

आता हे आज का लिहितेय ते. पुढच्या महिन्यात शाळेत टिपणीस बाईंचा सत्कार ठरला आहे. आपल्या बॅचच्या ग्रुपवर तुला आमंत्रण गेलं, आणि तू लिहिलंस की ज्या बाईंनी तुझ्या सहा ओळींच्या अर्जाला कारणसुद्धा दिलं नाही, त्यांच्या सत्काराला तू येणार नाहीस. तुझं काहीच चुकलं नाही. पण कोणीतरी ते बाईंना वाचून दाखवलं. गेल्या शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. त्या आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, नौपाड्यात लेकाकडे असतात. हात थरथरतात, नावं विसरतात, आणि आपल्याला पुढे काहीच आठवणार नाही या भीतीत असतात. मला म्हणाल्या, "कल्पिता, मला तो अर्ज आठवतच नाही गं. वर्ग खाली घ्यावा असं माझ्या मनात दोनदा आलेलं, पण मुलगा काही बोलला नाही, म्हटलं त्याला वेगळं पाडल्यासारखं वाटेल. आता तो म्हणतो अर्ज दिला होता. मुलगा खोटं कशाला बोलेल? म्हणजे तेव्हापासूनच माझं डोकं गेलंय. तू लिही, मी सांगते." आणि त्यांनी मला तुझ्यासाठी माफीचं पत्र सांगितलं. मी ते लिहिलं, सलिल. त्यांच्या शब्दांत, माझ्या अक्षरात, शेवटपर्यंत. त्यांनी खाली सही केली. मी ते पर्समध्ये घालून घरी आले आणि चार दिवस पोस्टाच्या पेटीसमोरून जात राहिले. ते पत्र मी तुला पाठवणार नाही. काल संध्याकाळी पुन्हा त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील, निघून जा म्हणतील.  त्या माझा हात धरून म्हणाल्या, "म्हणजे मी विसरले नव्हते." आणि थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "मी नव्हते विसरले." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. तो मला सोसवला नाही. सत्काराच्या दिवशी हे मी ग्रुपवर आणि स्टेजवरही सांगणार आहे, पण सर्वांत आधी तुला कळायला हवं होतं. मला उत्तर देऊ नकोस, माफ तर मुळीच करू नकोस. बाईंना मात्र एकदा फोन कर. दुपारी चारनंतर त्या जाग्या असतात. नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. तुझा आवाज त्या ओळखतील की नाही ठाऊक नाही, तू नाव सांग.

तुझीच म्हणायची लायकी न उरलेली, तुझ्या वर्गातली,
कल्पिता