तू गाळलेली वाक्यं

प्रिय वकीलबाई,

एकाच घरात राहून तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण रविवारी आपलं वाजलं आणि तू सरळ डोळे मिटून घेतलेस. इतर घरांत मुली दार आपटून खोलीत जातात म्हणे, आपल्याकडे पापण्या मिटल्या की बापाची बोलती बंद. माझे हात आपले हवेत चाललेले आणि समोर तू ढिम्म. तुझ्या आईला हसू आवरेना. लिहून द्या तिला, असं शेवटी तिनेच सुचवलं. म्हणून लिहितोय. निदान माझी बाजू पुरी ऐकून घे.

तापात माझे कान गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, मग हळूहळू बोलणंही सुटलं. तू चौथीत गेलीस तेव्हापासून जगाचं बोलणं मला तुझ्या हातांतून कळतं. बँकेतला साहेब, दवाखान्यातला डॉक्टर, सोफ्याचं कापड विकणारा व्यापारी, सगळे. शाळेत पालकांना बोलावलं की शिक्षक तुझ्याबद्दल काय म्हणतात तेही तूच मला सांगायचं. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या मुलीला असेल? तरी तू कधी त्याचा फायदा घेतला नाहीस. चित्रकलेच्या सरांनी तक्रार केली होती, तीसुद्धा लालबुंद चेहऱ्याने जशीच्या तशी सांगितलीस. मला तुझा तेव्हा फार अभिमान वाटला होता, पण तक्रार खरी असल्यामुळे दाखवता आला नाही.

म्हणून तर या वेळी लगेच लक्षात आलं. गणिताच्या बाई किती वेळ बोलत होत्या, पुढे झुकून, मध्येच हसून, हातांनी उंच कुठेतरी दाखवत. आणि तुझ्या हातांवर काय उतरलं, तर प्रगत गणिताचा एक वर्ग सुरू होतोय, पण हिला साधा वर्ग पुरेसा आहे असं बाईंचं मत. अगं, जन्मभर लोकांचे चेहरे वाचत आलेल्या माणसाच्या गळी हे उतरवत होतीस.

पुढच्याच आठवड्यात दुकानातल्या सोफ्यांसाठी फोम आणायला जातो म्हणून निघालो आणि शाळेत गेलो, एकटा. बाईंनी एक खडू घेतला, एक मला दिला, आणि आम्ही फळ्यावर गप्पा मारल्या. माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही त्या दुरुस्त करत होत्या, सवयच ती. त्यांनी लिहिलं, की अवघड गणित पुढ्यात आलं की खुलणारी अशी मुलगी क्वचितच भेटते, पण विचारलं तर म्हणते मला आवड नाही. मी हसलो. जेवताना ताट बाजूला सारून, एका तुकड्यात दोन खुर्च्यांचं कापड कसं बसेल ते मांडत बसणारी मुलगी, आणि हिला म्हणे आवड नाही. मग त्यांनी वर्गाची वेळ लिहिली. शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत. म्हणजे नेमकी तू दुकानात फोन घेतेस आणि गिऱ्हाइकांशी बोलतेस ती वेळ. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमचं तिच्यावाचून भागेल का, असं त्यांनी विचारलं. मी चांगलं मोठ्या अक्षरात 'हो' लिहिलं आणि फळा पुसून निघालो.

हे सगळं तुला रविवारी सांगायला गेलो आणि तू डोळे मिटलेस.

आता एक माझीही लबाडी ऐक. मावशीचा गुडघा दुखतोय म्हणून दोन दिवस तुला शाळा सुटल्यावर तिकडे पाठवलं ना, तिचा गुडघा ठणठणीत आहे. मला एकट्याने दुकान चालवून बघायचं होतं. एक निवृत्त मास्तर आरामखुर्ची घेऊन आले. त्यांना फक्त डुगडुगणारा पाय घट्ट करून हवा होता. मला वाटलं, अख्खी खुर्ची नव्याने मढवायची आहे. मी जुनं कापड पार उचकटून टाकलं. ते परत आल्यावर जे काही बोलले ते तू नसल्यामुळे मला कळलं नाही, आणि त्यात माझं फार नुकसान झालं असं वाटत नाही. नवं कापड माझ्याकडून घालून दिलं. तू असतीस तर हे झालं नसतं, कबूल. पुन्हाही होईल. पण या चुका माझ्या धंद्यातल्या आहेत, त्या मला करू दे. फोन करू नका, लिहून पाठवा, अशी पाटीही रंगवून लावली आहे.

बाईंना सोमवारी उत्तर हवंय. तुला खरंच नको असेल तर नाही म्हण. फार अवघड वाटतं, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर हिंडायचंय, कुठलंही कारण मला चालेल. फक्त त्या कारणाचं नाव बाबा असू नये.

एवढंच सांगायचं असतं तर चार ओळी पुरल्या असत्या. पण दुकान चालेल, तू जा, असं म्हटलं तर बाबाला आता आपली गरज उरली नाही असं तुझ्या मनात येईल, याची मला भीती वाटते, म्हणून हे लांबलचक पत्र. त्या दोन संध्याकाळी काम अडलं नाही. पण शाळा सुटायची वेळ झाली की माझं लक्ष दाराकडे. तू आत आलीस की जमिनीच्या फळ्या हलतात, ते माझ्या पायांना कळतं. मग मी मान खाली घालून कामात गढल्याचा आव आणतो, तू येऊन खांद्यावर थाप मारावीस म्हणून. इतकी वर्षं हे चाललंय, तुला माहीत नाही. त्या दोन दिवसांत फळ्या पुष्कळदा हलल्या, आणि दर वेळी गिऱ्हाईकच निघालं. बाईंना उत्तर देताना यातलं काही मनात आणू नकोस. फक्त वर्ग सुटला की, कितीही उशीर झाला तरी, घरी जाताना दुकानावरून ये. काम संपलेलं असलं तरी मी उघडं ठेवीन.

तुझाच,
बाबा