शेवटून पहिली

मी, रेविन ॲडा टॅटर्सल, जवळच्यांची ‘रे’, वय वर्षे ७६, निवृत्त शाळामास्तरीण, राहणार तळ्याकाठचा रस्ता, पुकेरोआ, न्यूझीलंड, पुकेरोआ ट्रायथलॉन क्लबची पस्तीस वर्षांची अध्यक्ष, पूर्ण शुद्धीत, कोणाचंही दडपण नसताना आणि सकाळचा चहा झाल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. याआधी लिहिलेली एक चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली आहे, ती रद्द समजावी.

येत्या बारा तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. पस्तीस वर्षं काठावर कुडकुडणाऱ्या नवख्यांना मी ज्या सुरात ‘पाणी काही तेवढं गार नाही’ म्हणत आले, अगदी त्याच सुरात म्हणतात. म्हणून लिहायला बसले.

कलम १. राहतं घर, आवार व फेजोआच्या फळांची तीन झाडं माझी मुलगी जोसलिन हिला द्यावीत. अट एकच. मागची शेड क्लबची आहे आणि क्लब असेपर्यंत क्लबचीच राहील. जोसलिनने स्वयंपाकघराची खिडकी मोठी करू नये, ही विनंती. त्या खिडकीतून पहाटे तळं दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. मग धुक्यातून वल्ह्याचा आवाज येतो, मग टामाती दिसतो, आणि मग सावकाश त्याच्या भोवतीने तळं उमटत जातं. मी चाळीस वर्षं हे बघत आले, तरी चहा रोज गार होतो.

कलम २. माझी पिवळी होडी टामाती रांगीहुना याला द्यावी. टामाती आमचा पोहण्याचा गुरू. हे तळं त्याच्या माणसांचं. क्लब, मी, हा रस्ता, यातलं काहीच नव्हतं तेव्हापासूनचं. शर्यतीच्या सकाळी तो काठावर उभा राहून पाण्याशी त्याच्या भाषेत बोलतो, आणि ते संपेपर्यंत कोणी पाऊल भिजवत नाही. एकदा शहरातून आलेल्या एकाने भिजवलं, तर टामातीने सगळं पहिल्यापासून सुरू केलं. त्या वर्षी शर्यत वीस मिनिटं उशिरा सुटली.

माझी राख तळ्यात सोडावी असं मी त्याला गेल्या आठवड्यात म्हटलं.

“नाही,” तो म्हणाला.

“अरे, पस्तीस वर्षं पोहले मी त्यात.”

“पोहलीस, ठीक आहे. आम्ही त्यातले मासे खातो, रे. तुला खाऊ का आता?”

सबब माझी राख जमिनीत, रस्त्यालगतच्या कुरणाच्या दुसऱ्या फाटकाजवळ, लिंडसेच्या शेजारी पुरावी. लिंडसे म्हणजे माझा नवरा. फाटक दुसरंच हवं. तिसरं नव्हे. ही ओळ मागाहून घातली आहे, ते का, हे पुढे येईल.

कलम ३. हे कलम मालमत्तेचं नाही, पण वकीलबाईंनी ते गाळू नये.

आमच्या क्लबात अध्यक्ष शेवटी येतो. पोहताना, सायकलवर आणि धावताना तो सगळ्यात मागच्या माणसाच्या मागे राहतो. कोणी दमलं, रडलं, चालायला लागलं, की तोही चालतो. शेवटची रेषा त्या माणसाने ओलांडली की एका पावलावर मागून अध्यक्ष येतो आणि वेळ घेणाऱ्याला म्हणतो, “मागे कोणी नाही.” मगच घड्याळ बंद होतं. त्यामुळे आमच्या वहीत आजवर कुठलाही पाहुणा शेवटचा आलेला नाही. शेवटचं नाव दर वर्षी माझं. गावातली पोरं मला ‘शेवटून पहिली’ म्हणतात आणि मला ते आवडतं.

स्वप्नातही मी तिथेच असते. पाणी दुधाळ असतं, काठ दिसत नाही, पुढे कोणाचे तरी पाय हलत असतात आणि मी त्या पायांच्या मागे मागे जाते. घाई नसते. पुढचा माणूस कोण, हे मला कधी कळत नाही. जागी झाल्यावर मात्र लिंडसेच होता असं वाटतं.

कलम ४. कलीन हॉजेट्स हिला काहीही देऊ नये.

कारण लिहिते. कलीन, मी आणि टामाती, आम्ही तिघांनी हा क्लब काढला. टामातीकडे पाणी, माझ्याकडे माणसं, कलीनकडे घड्याळ. सन २००५ च्या मार्चमध्ये लिंडसेने शेवटची शर्यत केली. फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. धावण्याचे पाच किलोमीटर तो चालत आला, मी एक पाऊल मागे. अडीच तासांची मुदत होती. आम्ही चार मिनिटं उशिरा पोहोचलो. मैदानावर कोणी नव्हतं. टेबल घडी करून गाडीत गेलं होतं, कमान उतरवली होती. लिंडसेने गवतावरची चुन्याची रेषा ओलांडली, मी ओलांडली आणि रिकाम्या मैदानाला म्हटलं, “मागे कोणी नाही.”

कलीन गाडीपाशी उभी होती. “मुदत म्हणजे मुदत, रे,” ती म्हणाली. “एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल.”

निकालात आम्हा दोघांपुढे ‘पूर्ण केली नाही’ असं आलं. त्या दिवशी सगळ्यांचीच धाव सुस्त झाली होती, सगळे वाऱ्याला नावं ठेवत होते. पण घरी न्यायला निकाल मिळाला नाही तो एकट्या लिंडसेला. जूनमध्ये तो गेला. तेव्हापासून मी कलीनशी बोललेले नाही. क्लबच्या सभेत आम्ही एकमेकींना चिठ्ठ्या पाठवतो आणि टामाती त्या टेबलावरून इकडून तिकडे सरकवतो. एकोणीस वर्षं त्या बापड्याने हे निमूट केलं.

कलम ५. शेडमधल्या वस्तू. पोहण्याचे रबरी पोशाख अकरा, त्यातले चार फाटके. सॉसेज भाजायचा तवा एक. धावण्याचा रस्ता आखायचे केशरी प्लास्टिकचे कोन चाळीस, त्यातला एक परतीचा, जिथून धावणारे मागे वळतात. अंतर मोजायचं चाक एक, कलीनच्या खोक्यात.

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं होतं. यादी पुरी करायची म्हणून मी ते खोकं उघडलं. आजवर तिच्या खोक्याला मी हात लावला नव्हता, रागाचेही काही नियम असतात. चाकाच्या दांड्याला सुतळीने एक छोटी वही बांधलेली होती. तिच्यात कलीनच्या सुबक अक्षरात वर्षावर्षाची मापं. २००५ च्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवसाची नोंद जशीच्या तशी उतरवते:

‘धाव पुन्हा मोजली. परतीचा कोन दुसऱ्याऐवजी तिसऱ्या फाटकाशी. सहाशे मीटर जास्त. लिंडसेला जाऊन सांगितलं. म्हणाला, रेला सांगू नकोस.’

कोन मी ठेवला होता. धावेचे कोन दर वर्षी मीच ठेवते, पहाटे, एकटी. रस्त्याला लागून ग्रँट ओहल्सनचं कुरण, कुरणाला तीन फाटकं. त्या पहाटे इतकं दाट धुकं होतं की पहिलं फाटक माझ्या बाजूने गेलं आणि मला दिसलंच नाही. दुसऱ्याला पहिलं समजले आणि तिसऱ्यापाशी कोन ठेवून शीळ घालत परत आले. शीळ घातल्याचं मला चक्क आठवतं. लिंडसेच्या पावलांना सहाशे मीटर म्हणजे आठ मिनिटं. तो वेळेत आला असता. त्याची शर्यत मी लांबवली आणि एकोणीस वर्षं राग दुसरीवर काढला.

त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही. शेडमध्ये रबरी पोशाखांच्या वासात बसून राहिले. मला फार लाज वाटली, आणि तितकंच हलकंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटलं, हे मला सांगता येणार नाही.

कलम ६. कलम ४ रद्द. पण ते खोडू नये. जोसलिनने वाचावं, क्लबातल्यांनीही वाचावं.

बुधवारी सकाळी मी कलीनच्या दारात गेले. हातात वही होती. तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“उघडलंस का एकदाचं खोकं,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं वर्षभरात उघडशील.”

“सांगितलं का नाहीस गं?”

“शब्द दिला होता त्याला. म्हणाला, तिला कळलं तर ती जन्मात पुन्हा कोन ठेवायची नाही, आणि कोन ठेवायला दुसरं पहाटे उठतंय कोण? हसत होता. नळ्या नाकात, आणि हसत होता.”

“आणि तू माझ्या शिव्या खात बसलीस.”

“शिव्या कुठे? चिठ्ठ्या. तुझ्या चिठ्ठ्यांत शुद्धलेखनाची चूक नसते, वाचायला बरं वाटायचं.” मग तिने वही माझ्या हातातून घेतली. “टेबल मी चार मिनिटं थांबवायला हवं होतं, रे. कोनाचं कोनापाशी. ते माझं चुकलंच.”

ती आत गेली आणि निकालांची मोठी वही घेऊन आली. क्लबात फिरते ती नव्हे, तिची स्वतःची, घरची. २००५ चं पान काढलं. तळाशी दोन ओळी होत्या. लिंडसे टॅटर्सल, दोन तास सव्वीस मिनिटं. त्याखाली रेविन टॅटर्सल, दोन तास सव्वीस मिनिटं एक सेकंद. शाई जुनी, तपकिरी पडलेली. मी तिच्या पायरीवर बसून रडले आणि ती शेजारी बसली. मग आम्ही आल्याची वडी खाल्ली. एकोणीस वर्षांत तिला अजून ती धड करता येत नाही, हे मी तोंडावर सांगितलं.

कलम ७. सबब लिंडसेची निळी सायकल कलीन हॉजेट्स हिला द्यावी. तसंच माझ्यामागे क्लबचं अध्यक्षपद तिने घ्यावं अशी माझी इच्छा आहे. पद मृत्युपत्राने देता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. देता येत नसेल, पण मागता तर येतं. कलीन चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत आणि आयुष्यभर ती फक्त रेषेवर उभी राहिली. सगळ्यांच्या मागून चालत येताना शर्यत कशी दिसते, हे तिने एकदा पाहावं.

आज शनिवारी सह्यांसाठी सगळे माझ्या स्वयंपाकघरात जमले. टामातीला होडी मिळायची असल्याने त्याला साक्षीदार होता येत नाही. तो खिडकीपाशी चहा घेऊन उभा आहे. ग्रँट ओहल्सन कुरणातून तसाच आला, बूट दाराबाहेर काढून. दुसरा साक्षीदार म्हणून वकीलबाई आपल्या कारकुनाला हाक मारणार, तोच कलीन म्हणाली, “मी करते सही.”

“मग तुम्हाला सायकल मिळणार नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.”

“सायकल क्लबला द्या. कोणीतरी चालवेल. मला इथे सही करायची आहे.”

तिच्या म्हणण्याप्रमाणे कलम ७ मधली सायकल क्लबला. अध्यक्षपदाबद्दल ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

मी सवयीप्रमाणे म्हटलं, आधी तुम्ही दोघं करा, मी शेवटी करते. वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली. मृत्युपत्र लिहिणाऱ्याची सही पहिली, साक्षीदार मागून. टामाती खिडकीपाशी उभा राहूनच म्हणाला, “जा आता पुढे. कधीतरी पहिली ये.”

तेव्हा पस्तीस वर्षांत प्रथमच पहिली.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खाली नाव घेतलेल्या दोघांच्या समक्ष मी सही करते.

रेविन ॲडा टॅटर्सल
स्थळ : पुकेरोआ, तळ्याकाठचा रस्ता
दिनांक : २ मार्च २०२४

साक्षीदार १. ग्रँट ओहल्सन, शेतकरी, तिन्ही फाटकांचा मालक. (सही)

साक्षीदार २. कलीन हॉजेट्स, वेळ घेणारी. (सही)
सकाळी नऊ वाजून चार मिनिटं सतरा सेकंद.
मागे कोणी नाही.