मंत्र्यांचं उत्तर तुझ्या तोंडी

प्रिय ठमे,

तुझा फोन बंद आहे, आणि असायलाच हवा. आज तुला फोन करणाऱ्यांत निम्मे शाबासकी देणारे आणि निम्मे नोकरीवरून काढणारे असणार, आणि सुरुवातीला दोघांचाही आवाज सारखाच गोड लागतो. म्हणून आपलं हातानं लिहितोय. अक्षर वाकडंतिकडं आलंय त्याला वय कारण नाही. ऑफिसच्या जिन्यात बसलोय, मांडीवर कागद आहे, आणि हात अजून टाळी द्यायला माणूस शोधतोय.

सकाळी आमच्या बातमीदारांच्या खोलीत टीव्ही नेहमीसारखा मुका चालू होता. पडद्यावर तू, तुझ्यासमोर मंत्री, मागे निळंशार पाणी आणि एक जहाज, खाली पट्टी: 'ऐतिहासिक करार'. सरकारी बंदर एका उद्योगपतीच्या घशात जाणार म्हणजे इतिहासच की तो! कुणाचं लक्ष नव्हतं. एवढ्यात आमचा क्रीडावाला ओरडला, "अरे, मंत्र्यांचा चेहरा बघा, पेनल्टी हुकल्यासारखा झालाय! आवाज वाढवा!" रिमोट शोधेपर्यंत गंमत निम्मी संपली होती. मग काय, ती फीत पुन्हा पुन्हा लावून आम्ही वसुली केली.

अशा मुलाखतीचे प्रश्न मंत्र्यांच्या कचेरीतूनच येतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सोबत उत्तरंही येतात, म्हणजे साहेबांना पाठ करायला बरं. त्यातले फक्त प्रश्न, तू बघून वाचतेस त्या कॅमेऱ्याजवळच्या पडद्यावर चढवायचे, एवढंच काय ते तुमच्या स्टुडिओतल्या त्या जांभईबहाद्दराचं काम. त्याने आज उत्तरंही चढवली. आणि तू, रोजच्या सराईतपणे, "या करारातून सामान्य माणसाला काय मिळेल?" असं विचारून त्याच दमात पुढे वाचत गेलीस, "फार चांगला प्रश्न विचारलात. मी स्वतः गरिबीतून वर आलेलो आहे." ठमे, मी खुर्चीवरून पडायचा राहिलो! मंत्र्यांनी पाण्याचा पेला उचलला. त्यांची गरिबी तू वापरून टाकली होतीस, त्यांच्याकडे दुसरी नव्हती.

इथवर नुसती गंमत. अशी चूक कुणाच्याही हातून होते, आणि माणूस "क्षमस्व" म्हणून हवामानाकडे वळतो. तू वळली नाहीस. तू पडद्यावरची नजर काढलीस (ती नजर मी ओळखतो) आणि सरळ विचारलंस, "ज्यांना बंदर मिळतंय तेच आमच्या चॅनेलचे मालक आहेत. मग करार चांगला की वाईट, हे प्रेक्षकांनी विचारायचं कुणाला?" मंत्री म्हणाले, "विचारून सांगतो." लगेच जाहिरात लागली. डोकेदुखीच्या गोळीची!

आमच्याकडे एकच कल्ला उठला. आमचे मुद्रितशोधक, ज्यांना आम्ही 'अनुस्वार' म्हणतो आणि जे बातमी कसलीही असो नुसते ऱ्हस्वदीर्घ बघतात, ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वाक्यात एक चूक नाही!" त्यांच्याकडून एवढं म्हणजे सुवर्णपदक समज. आईचा फोन आला. तिचं एकच, "तो मेला मंत्री तीनदा पाणी प्याला, आणि माझ्या पोरीच्या केसाची बटसुद्धा हलली नाही. जेवली का रे ती?" लहानपणी बाबा दाढी करत असताना तू त्यांना पेपर वाचून दाखवायचीस आणि दर बातमीनंतर विचारायचीस, "बाबा, हे खरं का?" त्या प्रश्नानं त्यांची हनुवटी कितीदा कापली असेल! पुढे तू टीव्हीत गेलीस आणि प्रश्न आयते यायला लागले. मी माझ्या सदरात तुम्हा सगळ्यांना 'बोलक्या फुलदाण्या' म्हटलं, तेव्हा तू मला चिठ्ठीशिवाय एक फुलदाणी पाठवलीस. ती माझ्या टेबलावर आहे. पेनं ठेवतो तिच्यात. पण तो चिमटा तुला जरा जास्तच बसला होता, हे मला कळलं नाही असं समजू नकोस.

दिवसभराची मौज तर ऐक. दुपारी उद्योगपतींचा शेअर घसरला. सकाळी 'तेजी अटळ' सांगणारा टायवाला तज्ज्ञ आता सांगत होता की बाजाराला ही घसरण अपेक्षितच होती. सत्ताधारी प्रवक्त्याला तुझ्या प्रश्नामागे परकी शक्ती दिसली. तुझ्यामागे उभी असते ती फक्त आपली आई, आणि तिला कुणी परकी शक्ती म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. विरोधी नेत्यांनी तुझ्या धैर्याला सलाम केला आणि तुझं नाव चुकीचं घेतलं. एका चॅनेलवर आठ चौकटींत आठ माणसं 'निवेदिका थकली होती का?' यावर भांडत होती. बंदराबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि इथे, तुला ठेवतील की काढतील यावर पैजा लागल्या होत्या. क्रीडावाला म्हणाला, "काढणार नाहीत, हसण्यावारी नेतील. ते जास्त स्वस्त पडतं." तेव्हा मी हसलो. यंदाच्या पाडव्यापासून तोच उद्योगपती आमच्याही पेपरचा मालक आहे, हे त्या गडबडीत विसरलोच होतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. संध्याकाळी आमच्या संपादकांनी, सदा दोन्ही बाजू तोलत बसणाऱ्या आमच्या 'तराजू'ने, मला आत बोलावलं, दार लावून घेतलं. "वरून आलंय," म्हणाले, "उद्याचं सदर तुझ्या बहिणीवर लिही. हलकंफुलकं. बिचारी गोंधळली, एवढंच. लोक एकदा हसले की विषय संपतो, आणि हसवणारा तिचा सख्खा भाऊ असला तर मग बघायलाच नको." मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग दुसरा कुणी लिहील. सदराचं 'चिमटेकाका' हे नाव पेपरच्या मालकीचं आहे, सुरुवातीलाच सही केली होतीस." केली होती, ठमे. माझ्या चित्रासकट. तेव्हा उद्या सकाळी माझी दाढी, माझा चष्मा आणि माझीच शैली तुझ्यावर खदाखदा हसताना दिसेल. ते मी नाही. पेपर दारात पडायच्या आधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून मी स्वतः येऊन दाराखालून सरकवतोय. उद्याच्या अंकात तुझा प्रश्न कुठेही नसेल, म्हणून भेटेल त्याला तो मीच सांगत सुटलोय. लिफ्टवाल्याचा पाठ झालाय, रिक्षावाल्याला येताना सांगेन. हे वाचून झालं की दार उघड, मी तुझ्याही जिन्यात बसलेला असेन. नाव त्यांच्याकडे राहिलं, म्हणून खाली जेवढं उरलंय तेवढंच लिहितो.

तुझाच,
दादा