लेनाच्या कड्यावरचे बुडालेले दोन थर

मी, वार्वारा इनोकेंतिएव्हना स्लेप्त्सोवा, वय एकोणऐंशी, राहणार याकुत्स्क, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझे डोळे अधू झाले, डोकं शाबूत आहे. आमच्या भूशास्त्र संस्थेच्या माजी संचालकांचं बरोब्बर उलट.

राहती जागा पुतण्या सेम्योनला. त्याच्या बायकोने नाक मुरडू नये. तो वास आम्लाच्या बरण्यांचा आहे, माझा नव्हे.

मायक्रोस्कोप शाळेला द्यावा, संस्थेला नाही. तिथे त्यावर टोप्या टांगतील.

माजी संचालक गेन्नादी पेत्रोविच झुबारेव यांना माझी मोजायची दोरी. त्यांनी ती कधी हातात धरली नाही. १९७७ साली आम्ही लेना नदीच्या कड्यावर खडकाच्या थरांना तळापासून रंगाने नंबर घातले. वसंतात नदीचा बर्फ फुटला आणि जाताना रंग खरवडून घेऊन गेला. तो दरवर्षी नेतो. मग माथ्यावरून दोरी सोडून खाली मोजत यायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. यांना चढायचा कंटाळा. नावेत बसूनच पाण्यापासून वर मोजू लागले.

"गेन्नादी पेत्रोविच, पाणी चढलंय. खालचे दोन थर बुडालेत."

"वार्वारा, तू आपले दगड विरघळव. मोजायचं मी बघतो."

असा तळापासूनचा सहावा थर चौथा झाला. त्यातला दगड आम्लात विरघळवून खसखशीएवढे शिंपले मी वेचले. जितका खालचा थर तितका जुना, म्हणून जगातले सर्वांत जुने शिंपले सापडल्याचं यांनी मिरवलं आणि पदक घेतलं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

१९९१ साली माझी विद्यार्थिनी आइता ओकोनेश्निकोवा हिने दोरी सोडून खरं मोजलं आणि प्रबंधात लिहिलं. भरल्या सभेत झुबारेव म्हणाले, "का गं, तुझ्यासाठी कडा वर सरकला वाटतं?" सगळे फिदीफिदी हसले. आइता माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही नावेत होतात. तुम्ही तरी सांगा."

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

प्रबंध नाकारला गेला. आइता आता बाजारात गोठलेले मासे विकते. मी दुसऱ्या दुकानातून घेते.

नावेतल्या त्याच संध्याकाळी खरे नंबर टिपलेली माझी वही आइताला द्यावी आणि तिने ती स्वतःच्या नावाने छापावी. खोट्या नोंदीखाली झुबारेवांच्या शेजारी माझी सही आहे. तीही छापावी, झाकू नये. ते आळशी होते. मला मोजता येत होतं.

साक्षीदार: शेजारीण मात्र्योना बुर्त्सेवा ("फार झोंबेल हो हे," म्हणाली. झोंबू दे.), डॉक्टर अफानासी निकीफोरोव.

सही: वा. इ. स्लेप्त्सोवा
याकुत्स्क, ११ मार्च २०१६