एकोणचाळिसावा अर्ज

अहो,

आईंना डोळे तपासायला नेतेय, सातपर्यंत येऊ. समोर बसून हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय.

मी घरातून काम सुरू केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, लोकांच्या मेलना उत्तरं देणं हा काय धंदा झाला? तर याच धंद्यात परवा एका साहेबांसाठी गोदामाच्या मॅनेजरच्या जागेचे अर्ज चाळत होते. एकोणचाळिसावा तुमचा निघाला. 'आदरणीय महोदय' म्हणून ज्यांना लिहिलंत, ती मीच.

नोकरी सुटून तीन महिने झाले, हे मला अर्जातून कळावं? रोज डबा घेऊन निघता, तो खाता तरी कुठे बसून?

साहेबांना मी खरं सांगितलं, हा अर्ज माझ्या नवऱ्याचा आहे, तुम्हीच बघा. त्यांनी दुसऱ्याला घेतलं. बाकी सगळ्यांना एकाच मजकुराचा नकार पाठवून झाला. तुमच्या नावाशी आल्यावर मात्र बटण दाबवेना. म्हणून तुमचा नकार हा असा हाताने लिहिला.

आईंना काही बोललेले नाही. उद्यापासून डबा भरणार नाही. घरीच जेवा, माझ्याबरोबर.