दोन इंजिनं, चार लिंबं

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला घरी कोणी आलं असेल तर परत गेलं असेल. मी बांबोळीच्या हॉस्पिटलात, ह्यांच्या खाटेशी. उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय. काल दुपारी हे पिकअपमध्ये नारळ भरून निघाले होते. जवळच्या कंपनीच्या रेल्वे यार्डाबाहेर रूळ ओलांडताना मालगाडीच्या इंजिनाने उडवलं.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य — "इंजिन आलं गो. हार घातलेलं." दुसरं — "नारळ कोणी वेचले?" माणूस शाबूत आहे!

पोलीस येऊन गेले. म्हणे इंजिन आलंच नाही, पिकअप फाटकाच्या खांबावर आपटली. प्यायले असतील. हे! ह्यांना सोड्यानेसुद्धा घेरी येते. आता लायसन्स जाणार, वर केस होणार. आणि गाडीशिवाय ह्या माणसाला दुसरं काही येत नाही.

३ ऑक्टोबर

कंपनीत गेले. मॅनेजर सांगतो, "बाई, खंडेनवमीला आमची दोन्ही इंजिनं पूजेला होती. पुजलेलं यंत्र त्या दिवशी हलवत नाहीत. माहीत नाही तुम्हांला?" मला शिकवतोय मेला! वर म्हणतो, "आलंच असेल तर दोनातलं कुठलं ते दाखवा."

कसं दाखवू? दोन्ही निळी. दोन्हींना झेंडूचे हार. पूजेसाठी दोन्ही धुऊन रंगवलेली. दोन जावा एकसारख्या लुगड्यात उभ्या तशी.

माझा भाऊ कृष्णनाथ तिथेच डबे जोडायच्या कामाला आहे. संध्याकाळी हॉस्पिटलात पेज घेऊन आला. त्याला विचारलं, तू होतास ना तिथे? "मी नैवेद्याची पानां हाडूक गेल्लंय." आणायला गेला होता म्हणे. "ताई, सोड गो. इंजिनाक कोण कोर्टात उभा करतलो?" आणि ह्यांचा पाय बघून रडला. लहानपणापासून हळवाच.

४ ऑक्टोबर

भात करपला. कुत्र्यानेही खाल्ला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी स्कूटर पुसताना डोक्यात आलं. अगं बाई! गाडीची पूजा केली की चाकांपुढे लिंबं ठेवतात, आणि चाक लिंबावरून गेल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. हे दरवर्षी करतात. मग इंजिनाची पूजा काय बिनलिंबाची? आणि लिंबू फोडायचं तर इंजिन हलवायलाच हवं!

यार्ड बंद होतं. वॉचमनला आपट्याची पानं दिली — शिळं सोनं, पण सोनंच — आणि आत गेले. पहिल्या इंजिनाच्या चाकांपुढे दोन लिंबं, अख्खी, सुकलेली. दुसऱ्याच्या रुळांवर नुसती चपटी सालं! शिवाय समोरची पट्टी तेवढीच जास्त निळी. म्हणजे दुसरं हललं. लिंबावरून गेलं ते थांबलंच नाही, थेट फाटकापर्यंत. मग गुपचूप मागे आणून रंग फासला. आणि पहिल्याची लिंबं फोडायची छाती कोणाला झाली नाही.

फोटो काढले. तिथेच रुळाकडे बसून रडले. खूप बरं वाटलं.

६ ऑक्टोबर

दुसऱ्या इंजिनाचा ड्रायव्हर मारुती, कोल्हापूरकडचा. त्याच्या खोलीवर जाऊन गाठला. फोटो बघून त्याने हात जोडले. "म्या न्हवतो ताई, आईशप्पत! लिंबू फोडायचा मान दरसाल येगळ्या माणसाला देतोय आमी. औंदा ज्याला दिला त्यो पयल्यांदाच बसला इंजनात. त्याला ब्रेकच घावंना. मग समद्यांनी ठरवलं — गप ऱ्हायचं."

कोणाला दिला मान?

नाव सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन दार लावून घेतलं. देवापुढे दिवाही लावला नाही.

७ ऑक्टोबर

पोलिसांत फोटो दिले. नावही सांगितलं — कृष्णनाथ.

शिपाई लिहिता लिहिता थांबला. "वळखीचो काय गो, बाये?"

"भाऊ," म्हटलं. "भाऊबीजेला येतो दरवर्षी."